ओटीतली माती

भोरला कोर्टासमोरच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझ्या वकिलांची खोली होती. वकील साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे आणि वाचायची वेळ आली की तोच चष्मा टेबलावर शोधणारे. आम्ही नवरा-बायको दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेणार होतो. त्याला दुसऱ्या लग्नाची घाई होती आणि मला त्या घरात आणखी एक दिवाळी काढायची नव्हती. का मोडलं, ते मी इथे लिहिणार नाही. ते सगळेच विचारतात, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा तिकीट काढायच्या आत विचारते. मोडलेल्या संसारातून बाई काय घेऊन निघाली हे मात्र कुणी विचारत नाही, आणि मला तेवढंच सांगायचं आहे.

वकिलांनी कोरा कागद पुढे ओढला.

"घर कुणाच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या."

"जमीन?"

"सासऱ्यांच्या."

"मोटरसायकल?"

"ह्यांच्या." 'ह्यांच्या' म्हणायची जिभेची खोड अजून गेली नव्हती, त्याचा मला तिथल्या तिथे राग आला.

"गॅस?"

"माझ्या."

"चला, गॅस तुमचा," असं म्हणून त्यांनी खरंच तसं लिहिलं. मग पेन ठेवून मला समजावून सांगू लागले. कायद्यात नवरा-बायकोचं दोघांचं मिळून असं काही नसतं. ज्याच्या नावावर त्याचं. बाईनं त्या घरात किती राबलं याचा रकाना कुठेच नाही. पोटगी मिळेल, आणि माहेरनं दिलेलं जे काही असेल, दागिने, भांडी, ते स्त्रीधन म्हणून परत मिळेल. स्त्रीधनाला कुणी हात लावू शकत नाही.

"बाकी काही मागायचंय का?"

"माती," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी रागानं बोलते आहे. रागानंच बोलत होते, पण मागत मातीच होते.

आमच्या भागात जमीन आणि माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्गासनीच्या आसपास नदीकाठची शेतं सोडली तर वर सगळा उतार, मुरूम आणि कातळ. तिथे भात हवा असेल तर खाचर करावं लागतं. उताराला आडवी दगडांची ताल रचायची, वरून वाहून येणारी माती तिच्यामागे अडवायची, कमी पडली तर कुठून तरी आणून भरायची, आणि पाणी उभं राहील अशी सपाटी करायची. हे एका वर्षाचं काम नव्हे. म्हणूनच तिकडे पानशेतच्या बाजूला पुण्याच्या माणसाला जमीन विकायची झाली की लोक व्यवहाराआधी वरची माती टेम्पोत भरून आपल्या दुसऱ्या खाचरात नेऊन टाकतात. घेणाऱ्याला बंगला बांधायचा असतो, त्याला मुरूमच बरा पडतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जमीन विकली, माती कुठे विकली?

मी लग्न होऊन मार्गासनीला आले तेव्हा सासरी नदीच्या अंगाला थोडी भातजमीन होती आणि घरामागे एक उघडाबोडका उतार. नवरा पुण्यात कंपनीत, शनिवारी रात्री यायचा, रविवारी झोपायचा. मी भोरला राहून बारावी झालेली, म्हणून गावात 'शिकलेली सून'. शिकलेली सून म्हणजे जिला काम सांगताना आधी दोन टोमणे मारायचे असतात. भात झोडून झाल्यावर उन्हाळ्यात हाताला काम नसायचं. मी सासूबाईंना म्हटलं, मागच्या उतारावर खाचरं करू. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातला टिकाव घेतला आणि पुढे चालू लागल्या. तेवढं एक त्यांचं मला आवडायचं, बाकी आमचं फारसं पटलं नाही.

सासरे रोज येऊन बांधावर बसायचे.

"कातळावर भात लावनार व्हय? लावा, लावा. आमी बगतो."

आणि ते बघत राहिले. सासरे बघण्याच्या कामात फार तरबेज होते. आम्ही दोघी दगड उचलत होतो, पहार मारत होतो, पाट्या वाहत होतो आणि ते तंबाखू मळत बघत होते. दोन-तीन उन्हाळ्यांत खालची दोन खाचरं झाली आणि त्यात भात उभं राहिलं, तेव्हा गावात सांगत सुटले, "आमी वरती दोन खाचरं काढली." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी रोज दोन वेळा वाढून जेवताना पाहिला आहे.

तिसरं, सगळ्यात वरचं खाचर मात्र रखडलं. ताल रचून झाली, पण मागे नुसता लाल मुरूम. माती आणणार कुठून?

त्या वर्षी धोंड्याचा महिना उन्हाळ्यात आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, त्याचे लाड करायचे, आणि सासऱ्यानं आपली ऐपत विसरायची. माझं माहेर वेल्ह्याच्या पलीकडे, पासलीच्या बाजूला. आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. वडिलांनी जावयाला सोन्याची अंगठी केली, ती केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला काय घेऊ? साडी घेऊ का?"

मी म्हटलं, "माती द्या."

वडील हसले नाहीत. म्हणाले, "वड्याकडंचं खाचर दर साली पानी कापून नेतंय. वड्यानं न्यायची ती तूच ने." आमच्याकडची माती काळी, चिकट, बोटाला लागली की धुतल्याशिवाय निघत नाही. त्या उन्हाळ्यात वडिलांनी ते ओढ्याकडचं खाचर खरवडून ट्रॉलीनं माझ्या सासरी पोचवलं.

पहिली ट्रॉली आली त्या दिवशी वडिलांबरोबर माझी वहिनीही आली. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. हिरव्या काठापदराचं लुगडं नेसलेली ती नवी नवरी ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून इतक्या लांब आली, तिच्या भुवयांवर धूळ होती. आई नसल्यामुळे माझी ओटी तिनं भरायची होती. सासूबाईंनी हळदीकुंकवाची कोयरी आणली. वहिनीनं तांदूळ, नारळ, खण माझ्या पदरात घातला, तेवढ्यात वडील दारातून म्हणाले, "मूठभर माती बी घाल तिच्या वटीत. तिला दिलीय ती." वहिनी गोंधळली, सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी मान हलवली. मग तिनं बाहेर जाऊन ट्रॉलीतली मूठभर काळी माती आणली आणि तांदळावर घातली. मी ती पदरात धरून वरच्या खाचरात गेले आणि मधोमध सोडली. बाकीची मी आणि सासूबाईंनी पाटीपाटीनं वर चढवली.

त्या खाचरातल्या इंद्रायणीचा भात घरात सगळ्यात चवीचा लागायचा. हे मी माझं म्हणून सांगत नाही. सासरे नुसतं बघत बसूनसुद्धा दोन घास जास्त खायचे.

हे सगळं मी वकिलांना सांगितलं. ते चष्मा कपाळावर ठेवून ऐकत होते. म्हणाले, "कायद्यानं माती म्हणजे जमीनच हो, बाई. एकदा जमिनीत घातली की जमिनीची झाली."

"आणि ओटीत घातलेलं?"

त्यांनी चष्मा कपाळावरून काढला. "ओटीत घातलेलं बाईचं," म्हणाले. मग हसायला लागले, बराच वेळ हसले, आणि कागदावर गॅसच्या खाली 'माती' असं लिहून त्याखाली रेघ ओढली. म्हणाले, "कोर्टात भांडलात तर हे टिकेल असं मी सांगणार नाही. पण संमतीनं घेताय ना? समोरच्याला सही हवी आहे ना? मग दोघांनी मिळून काहीही लिहून देता येतं. आधी गावात कबूल करून घ्या."

गावातली बैठक सासरच्या पडवीत बसली. चार जाणती माणसं, सासरे, नवरा, आणि खांबाला टेकून मी. सासूबाई आतल्या दारात. पोटगीचं बोलणं लवकर मिटलं, त्यात कुणाला रस नव्हता. मातीचं निघालं आणि सगळे सावरून बसले.

एकजण हसून म्हणाला, "पोरी, येडी का खुळी तू? लोक दागिनं मागत्यात."

"दागिने मागितलेतच," मी म्हटलं. "माती वर मागते आहे."

सासऱ्यांनी तयारी केलेली होती. ते शांतपणे बोलले. "धोंड्याच्या म्हयन्यात आलेली वस्तू वाण असती. वाण जावयाचं असतंय. जावई म्हंजी माझा पोरगा. मंग माती कुनाची झाली?"

माना हलल्या. मुद्दा बिनतोड होता आणि सासऱ्यांनी आयुष्यात एवढी मेहनत प्रथमच केलेली दिसत होती.

"जावयाचं वाण त्याच्या बोटात आहे," मी म्हणाले.

सगळ्यांनी नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. बोटात तीच अंगठी होती. त्यानं हात मांडीखाली घेतला.

"मातीनं माझी ओटी भरली होती. आता तुम्हीच सांगा, ओटी जावयाची भरतात का?"

पडवीत कुणी तरी खोकल्यासारखं केलं. चौघांतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ, ते नात्यानं माझे चुलतसासरे लागायचे, त्यांनी विचारलं, "वटी भरली ह्याला साक्षीला कोन हाय?"

सासरे लगेच आतल्या दाराकडे वळले. "सांग गं तूच. काय वटीबिटी न्हाई भरली."

सासूबाई दारात आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या खोटं बोलतील असं मला वाटलं होतं, आणि बोलल्या असत्या तर मी त्यांना फार दोषही दिला नसता, त्यांना त्याच घरात राहायचं होतं. पण ओटीच्या बाबतीत खोटं बोलायचं म्हणजे काय, हे बायकांना माहीत असतं.

"भरली हुती," त्या म्हणाल्या. "कुकू म्या लावलं. माती बी घातली हुती मूठभर. काळी."

सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि एकदा तरी मी बघत बसले. सासूबाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. "आन पाट्या म्या बी वाहिल्यात," म्हणाल्या. "टाळू झिजली माझी. तिचं तुमी ऐकून तरी घेताय. माझं कोन बोलनार?"

त्या आत गेल्या. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, त्यांनी मागायला हवं होतं. काय मागितलं असतं आणि कुणाकडे, ते मला सांगता येत नाही.

एवढा वेळ गप्प बसलेला नवरा वैतागून म्हणाला, "न्हेऊ द्या की. मातीला काय सोनं लागलंय? सही झाली म्हंजी झालं." आमच्या लग्नात त्यानं माझ्या बाजूनं काढलेलं हे एकच वाक्य, तेही मला घालवण्यासाठी. चुलतसासऱ्यांनी निवाडा दिला. वरच्या खाचरातली काळी माती तेवढी मी न्यायची. खालची लाल, दगडाची ताल आणि बाकीची दोन खाचरं त्यांची. मला तोच निवाडा हवा होता. त्या दोन खाचरांतही माझा घाम होता, पण घामाची ओटी भरलेली नव्हती.

कोर्टात अटींचा कागद वाचताना न्यायाधीश बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि मान वर केली. "माती?" "हो," मी म्हटलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं, तुम्हाला मान्य आहे का. तो म्हणाला, मान्य आहे. त्यांनी पान उलटलं.

भात निघून जमीन वाळली तेव्हा मी माती उचलायला गेले. जेसीबी सांगावा असं सगळ्यांनी सुचवलं. मी सांगितला नाही. जेसीबीच्या दाताला काळी-लाल कळत नाही आणि मला त्यांचा मुरूम घेऊन जायचा नव्हता. लबाडी करायची तर ती त्यांच्यासारखी बसून करावी, एवढं राबून कशाला? माहेरच्या वस्तीतल्या पाच-सहा बायका आणल्या, खेपा करायला एक टेम्पो ठरवला. पोटगीतला बराच भाग त्यात गेला. लोक म्हणाले, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणू देत. माझी कोंबडी, माझा मसाला.

चिखलणीनं मधल्या सांध्याला दोन्ही माती थोडी मिसळली होती, पण काळीचा थर चांगला वीतभर होता आणि खाली लाल लागली की फावडं आपोआप थांबायचं. बायका गाणी वगैरे म्हणत नव्हत्या. वाकून माती ओढत होत्या, टेम्पोवाल्याशी भांडत होत्या आणि माझ्या नवऱ्याबद्दल जे बोलत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. गावातली माणसं येऊन बघून जात होती. सासरे त्यांच्या नेहमीच्या जागी बांधावर बसले होते.

शेवटच्या दिवशी दुपारी मी टेम्पोचं फळकं लावायला सांगितलं. सासूबाई तालीवर येऊन उभ्या होत्या, कधी आल्या कळलंही नाही. त्यांनी हातातल्या काठीनं दाखवलं.

"त्यो कोपरा राहिला."

खरंच राहिला होता. तालीच्या आतल्या अंगाला, दगडाच्या सावलीत, दोन-चार पाट्या काळी माती होती.

"राहू द्या, आत्याबाई," मी म्हटलं.

"राहू द्या कशाला? नेतीस तर नीट ने. अर्धवट काम मला आवडत न्हाई." आणि त्या स्वतः वाकून हातानं ती माती ओढू लागल्या. आम्ही दोघींनी मिळून तो कोपरा साफ केला. शेवटची पाटी त्यांनी माझ्या डोक्यावर दिली. मला रडू आलं आणि मी ते तसंच येऊ दिलं, दोन्ही हात पाटीला होते. त्या माझ्याकडे न बघता घरात गेल्या.

वेल्ह्याच्या स्टँडवर टेम्पो चहाला थांबला तेव्हा एकानं विचारलं, "बाई, माती कुठं चालली?" मी म्हटलं, "माझं सामान आहे. सासरहून निघालेय."

आता ती टाकायची कुठे, याचा विचार मी केलेला नव्हता असं नाही. माझ्या नावावर जमिनीचा चतकोरसुद्धा नव्हता. वडील गेल्यावर मी भावाला हक्कसोडपत्र लिहून दिलं होतं. आमच्याकडे बहिणी ते देतातच. तहसील कचेरीत सही करायची, बाहेर येऊन पेढा खायचा, भाऊ साडी घेतो, आणि सगळे म्हणतात, आता माहेरचं दार कायम उघडं राहील. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. थोडक्यात, माहेरची जमीन मी दार उघडं राहावं म्हणून सोडली आणि सासरची कधी माझी नव्हतीच. दोन्हीकडे जमीन असलेल्या घरातली मी, आणि टेम्पोभर माती घेऊन रस्त्यावर.

माती उचलायच्या आधीच भावाला फोन केला होता, तर तो खूश झाला. "आन की. वड्याकडंचं खाचर तसंच पडलंय." वडिलांनी खरवडलेल्या त्या खाचराला त्यानं नंतर ओढ्याच्या बाजूनं दगडी भिंत घातली होती, आता पाणी कापत नव्हतं. पण आत होता नुसता खडक. "बा नं समदी माती तुझ्या सासरी घातली," हे तो दर दिवाळीला न चुकता ऐकवायचा. फोनवर म्हणाला, "आपलीच माती हाय." मला बरं वाटलं. कुणाची, ते मी विचारलं नाही.

मी वेल्ह्याला खोली घेतली, मेडिकलच्या दुकानात कामाला लागले. आषाढात सुट्टी काढून त्या खाचरात वहिनीबरोबर लावणी केली, पुढे तण काढायला बेणणीला गेले, कापणीलाही गेले. भात चांगलं आलं. भाऊबीजेला गेले तेव्हा ओवाळून झाल्यावर भावानं तबकात साडी ठेवली आणि पडवीतलं भाताचं एक पोतं पायानं पुढे सरकवलं.

"हे घेऊन जा. वड्याकडंच्या खाचरातलं हाय. भावाकडनं भाऊबीज समज."

माझ्या मातीतलं, मी लावलेलं, मी कापलेलं भात मला ओवाळणीत. दिवा अजून ताटात जळत होता. मी तो बाजूला ठेवला.

"पुढल्या सालापास्नं लावनीला यायची दगदग नको करू," तो मायेनं म्हणाला. खरंच मायेनं. "आमी बगतो."

हे 'आमी बगतो' मी आधी ऐकलेलं होतं. बांधावरून.

"ते खाचर माझ्या नावावर करून दे," मी म्हणाले.

त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याचा आवाज खाली आला. "तू हक्कसोड दिलाय. सही हाय तुझी."

"जमिनीवरचा हक्क सोडला. माती तेव्हा मार्गासनीला होती. ती सोडलेली नाही."

"मुळात माती कुनाची? ह्याच खाचराची. बा नं दिली, फिरून आली. इषय संपला."

"तशी फिरून नाही आली. माझ्या ओटीतून आली."

"आता माझ्या खाचरात हाय का न्हाई?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून बायका इथे गप्प बसतात. मी सासऱ्यांपुढे गप्प बसले नव्हते, मग भावापुढे का बसू? सासरचा माणूस लुबाडतो तेव्हा निदान आपण त्याला लुबाडणं म्हणतो. भाऊ तेच करतो तेव्हा साडी मिळते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग उचलते. एकदा उचललीय, मला येतं."

तो हसला. तंबाखूची डबी काढली. "उचल की. बगतो."

वहिनी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. एवढ्या वेळात तिनं मान वर केली नव्हती. ट्रॅक्टरवर बसून आलेली ती पोर आता दोन लेकरांची आई झाली होती. ओढ्याच्या भिंतीचे दगड तिनं वाहिले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि तशीच खाली बघत म्हणाली,

"वन्सं, त्या टेम्पोवाल्याचा नंबर मला बी देऊन ठेवा."

भावाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "तुला कशाला?"

"असू द्या जवळ," वहिनी म्हणाली. "कवा लागंल, कुनास ठाव."

तिनं पदराला हात पुसले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. मी माझ्या फोनमधून नंबर काढला आणि भावासमोर, मोठ्यानं, एकेक आकडा सावकाश सांगितला. तिनं एकेक आकडा बोटानं दाबला आणि शेवटी परत म्हणून दाखवला, चुकला तर नाही ना म्हणून.

भाऊ उठला, चपला घातल्या आणि ओढ्याकडे निघून गेला. आम्ही दोघींनी लेकरांना जेवायला वाढलं. तो परत आला तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. त्यानं रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, टॉवेलनं तोंड पुसलं, आणि टॉवेल खुंटीला अडकवताना भिंतीकडे तोंड करून विचारलं,

"आधार कार्ड हाय का जवळ? सोमवारी वेल्ह्याच्या कचेरीत जाऊ."

पिशवीतच होतं. मी ते घेऊनच आले होते.